पदव्युत्तर स्तरावरील लेखनशिक्षण : संपादकाचे टेबल आणि प्रश्नपत्रिका

प्रस्तावना

मराठी विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘उपयोजित मराठी’, ‘सर्जनशील लेखन’, ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ यांसारख्या अभ्यासपत्रिका गेल्या काही दशकांत स्थिरावल्या आहेत. त्यांची उद्दिष्टे वाचली असता दोन शब्द हमखास आढळतात : ‘लेखनकौशल्य’ आणि ‘रोजगाराभिमुखता’. पहिल्या शब्दाने विद्यार्थ्यास लिहिते करण्याचे आश्वासन दिलेले असते. दुसऱ्याने त्या लिहिण्यावर उपजीविका करता येईल असे सुचविलेले असते. ही दोन्ही आश्वासने आपण प्राध्यापकांनी कितपत पाळली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. स्वतःला बाजूला ठेवून इतरांचे दोष दाखविण्याचा येथे हेतू नाही. प्रस्तुत लेखकाने अशी अभ्यासपत्रिका अनेक वर्षे शिकविली आहे आणि तपासलीही आहे.

तपासणीतील एक प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. प्रश्न असा होता : ‘बातमीची वैशिष्ट्ये सांगून बातमीलेखनाचे तंत्र स्पष्ट करा.’ गठ्ठ्यातील बहुतेक उत्तरे एकाच मार्गदर्शकातून पाठ केलेली होती. ‘बातमी संक्षिप्त असावी’ हा मुद्दा जवळजवळ प्रत्येकाने लिहिला होता, आणि तो सिद्ध करण्यासाठी चार-चार पाने खर्ची घातली होती. एका विद्यार्थिनीने मात्र वैशिष्ट्यांची यादी अर्ध्यावर सोडून आपल्या गावच्या नळयोजनेचा पंप बंद पडल्याची बातमीच लिहिली. दहा-बारा ओळी होत्या. पंप केव्हा बंद पडला, सरपंच काय म्हणाले, पाणी आणण्यासाठी बायकांना किती अंतर चालावे लागते, हे सारे त्यांत होते. विशेषण एकही नव्हते. नमुना-उत्तरात अशा लेखनासाठी गुण राखून ठेवलेले नव्हते. मीही दिले नाहीत. त्या गठ्ठ्यात बातमी लिहिणारी ती एकटीच होती आणि तिला गुण मात्र सरासरीपेक्षा कमी मिळाले. या विसंगतीतून जो प्रश्न उभा राहतो, तो एका परीक्षकाच्या चुकीपुरता मर्यादित नाही. लेखन हा विषय आपण लेखनाविषयीचे ज्ञान म्हणून शिकवितो आणि प्रमाणपत्र मात्र लेखनाचे देतो.

आयोवाचा प्रयोग आणि त्याची समीक्षा

विद्यापीठात लेखन शिकविता येते काय, हा वाद जगात नवा नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारण्याचा निर्णय घेतला. कविता किंवा कथा ही पदवीस पात्र ठरणारी बौद्धिक कामगिरी होय, असे एका विद्यापीठाने लेखी मान्य केले, हे त्या निर्णयाचे महत्त्व. पुढे १९३६ मध्ये तेथे ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू झाले. विल्बर श्रॅम हे त्याचे पहिले संचालक. त्यांच्यानंतर १९४१ पासून दोन दशकांहून अधिक काळ पॉल एंगल यांनी ती धुरा सांभाळली. १९४५ मध्ये पत्रकारिता शिकण्यासाठी आलेली फ्लॅनरी ओ’कॉनर ही तरुणी या वर्गाकडे वळली व १९४७ मध्ये तेथील पदवी घेऊन बाहेर पडली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये असाच अभ्यासक्रम सुरू केला. इयन मॅकइवन हे त्याचे पहिले विद्यार्थी; २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले काझुओ इशिगुरो हेही तेथीलच.

या वर्गांची पद्धत साधी आहे. दहा-बारा विद्यार्थी, त्यांतील एकाचे हस्तलिखित सर्वांनी आधी वाचून यायचे, आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. व्याख्यान जवळजवळ नाही. चर्चा संपल्यावर लेखक तो मजकूर घेऊन घरी जातो आणि पुन्हा लिहितो. या पद्धतीचे सारे बळ या ‘पुन्हा’मध्ये आहे.

तिच्यावर टीकाही भरपूर झाली. मार्क मॅकगर्ल यांनी ‘द प्रोग्रॅम एरा’ (२००९) या ग्रंथात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कथनसाहित्याचा इतिहास हा बहुतांशी या अभ्यासक्रमांचा इतिहास असल्याचे प्रतिपादन केले. अनुभवलेलेच लिहा, सांगू नका तर दाखवा, स्वतःचा आवाज शोधा, ही वर्गातील तीन सूत्रे एका संपूर्ण वाङ्मयीन कालखंडाच्या मुळाशी कशी आहेत, हे ते दाखवितात. एरिक बेनेट यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात या अभ्यासक्रमांच्या उभारणीचा संबंध शीतयुद्धाच्या राजकारणाशी व त्यामागील निधीशी जोडला. जुनो दियाझ यांचा २०१४ मधील आक्षेप याहून टोकदार आहे. वर्गातील सारे वाचक एकाच वर्णाचे, एकाच वर्गाचे असतील, तर वेगळ्या समाजातून आलेल्या लेखकाला तेथे आपले लेखन दुरुस्त करून मिळत नाही, स्वतःचे अस्तित्वच खुलासा करीत मांडावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

उपजीविकेच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९६७ मध्ये तेरा अभ्यासक्रमांच्या प्रतिनिधींनी मिळून या क्षेत्राची संघटना स्थापन केली. आज तेथील अभ्यासक्रमांची संख्या काही शेकड्यांत आहे. एवढ्या पदवीधरांना लेखनावर जगता येत नाही, हे उघड आहे. त्यांतील अनेकांना काम मिळते ते लेखन शिकविण्याचे. म्हणजे अभ्यासक्रम लेखक घडवितो की अभ्यासक्रमासाठी शिक्षक घडवितो, अशी शंका घेण्यास जागा उरते. आपल्याकडे मराठी विषयात एम.ए. करून सेट-नेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारा तरुण पाहिला की ही शंका परदेशी राहत नाही.

आयोवाविषयी मराठीत बोलले जाते तेव्हा एक गल्लत होते, तीही येथे दूर करावी. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाला गेले ते या पदवी-वर्गासाठी नव्हे. पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमासाठी ते गेले होते. तेथे आधीच लेखक असलेल्यांना बोलावतात. पदवी देत नाहीत. आपला खरा धागा आहे तो श्रॅम यांच्याशी. कथालेखनाचा वर्ग उभा करणारे हेच गृहस्थ पुढे जनसंज्ञापन या विद्याशाखेचे एक प्रवर्तक ठरले, आणि फोर्ड फाउंडेशनच्या वतीने भारतात आलेल्या ज्या तज्ज्ञगटाच्या शिफारशींनंतर १९६५ मध्ये दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली, त्या गटात ते होते. एकाच माणसाच्या कारकिर्दीत कथेचा वर्ग आणि बातमीचा वर्ग शेजारी शेजारी आले. आपल्या विद्यापीठांत मात्र मराठी विभाग आणि पत्रकारिता विभाग एकाच आवारात असूनही परस्परांच्या वर्गात डोकावत नाहीत.

मराठीतील लेखनशाळा

मराठीत लेखन शिकविले गेले नाही, असा समज मात्र बरोबर नाही. ते विद्यापीठाबाहेर शिकविले गेले. अगदी आरंभापासून पाहिले तर ‘लीळाचरित्रा’साठी म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन त्या पडताळल्या आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्यांना रूप दिले. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ एकट्याच्या स्फूर्तीतून नव्हे, तर संकलन, पडताळणी आणि दुरुस्ती यांतून सिद्ध झाला. त्याच रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचा आरंभ झाला, हा योग लेखनशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

आधुनिक काळातील लेखनशाळा म्हणजे संपादकाचे टेबल. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’ने नवोदितांच्या कथा केवळ स्वीकारल्या किंवा परत केल्या नाहीत; पत्रे लिहून, शंका विचारून, पुनर्लेखन सुचवून त्या घडविल्या. संपादक हा लेखकाचा पहिला कठोर वाचक असतो, ही जाणीव त्या टेबलाने मराठीत रुजविली. त्या टेबलाची अभिरुची संकुचित होती, हा लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा आक्षेप खोटा नव्हता. दियाझ यांनी जे अमेरिकेत म्हटले, ते आपल्याकडे त्याआधी चार-साडेचार दशके म्हटले गेले होते.

त्या आक्षेपाला मराठीत जे उत्तर मिळाले ते मात्र अमेरिकेतील उत्तरापेक्षा निराळे आहे, आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांनी जे केले, त्याला कोणत्याही अभ्यासमंडळाची मान्यता नव्हती. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेले, तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय असलेले प्राचार्य. पानतावणे मराठीचे प्राध्यापक. १९६७ मध्ये सुरू झालेले त्यांचे नियतकालिक पुढे ‘अस्मितादर्श’ या नावाने पानतावणे यांनी दीर्घकाळ चालविले. अस्मितादर्शचे मेळावे भरत. तेथे पहिल्यांदा लिहिणारा तरुण आपल्यासारख्याच जगण्यातून आलेल्या श्रोत्यांपुढे वाचे. त्याला ‘हा शब्द अशुद्ध आहे’ असे सांगणारा तेथे कोणी नव्हता. ‘हे खरे आहे काय’ असे विचारणारे मात्र पुष्कळ होते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने प्रमाणभाषेचा आग्रह धरणाऱ्या एखाद्या लेखनवर्गातून गेली असती तर त्यांचे काय झाले असते, याची कल्पना केलेली बरी. आजही आपल्या वर्गात वाडी-तांड्यावरून आलेला विद्यार्थी लिहितो तेव्हा आपला लाल पेन प्रथम ऱ्हस्व-दीर्घाकडे वळतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम विद्यार्थ्याला यायलाच हवेत, त्यावाचून मुद्रितशोधनाचे कामही मिळणार नाही. पण ते शेवटच्या खर्ड्यावर लावायचे असतात. पहिल्या खर्ड्यावर ते लावले की विद्यार्थी लिहिणेच थांबवितो.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आजवर चालू आहे, परंतु वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाच्या संपादकाला नवोदिताचे लेखन तीन वेळा वाचण्याइतकी सवड क्वचितच असते. वृत्तपत्रांच्या पुरवण्या आटल्या. प्रकाशनसंस्थांत पूर्णवेळ संपादक ठेवण्याची पद्धत मोजक्या ठिकाणी उरली. म्हणजे मराठीत लेखन जेथे शिकले जाई ती टेबले एकेक करून उठली, आणि नेमक्या त्याच दशकांत आपल्या अभ्यासक्रमांत लेखनाच्या अभ्यासपत्रिका आल्या. ते रिकामे झालेले काम आपल्याकडे चालून आले होते. आपण त्याचे टिपण तयार करून विद्यार्थ्यांना लिहून दिले.

उपजीविकेचा प्रश्न

‘रोजगाराभिमुख’ या विशेषणाकडे वळण्यापूर्वी मराठी लेखकांची उपजीविका कशी चालली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत होते, व्यंकटेश माडगूळकरही. मंगेश पाडगावकर आणि जयवंत दळवी यांनी मुंबईतील अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केली. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात चित्रकार-रचनाकार होते. विंदा करंदीकर आणि जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शिपाई म्हणून राबले, मग शाळेत शिक्षक झाले. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवीत. यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कविता-कथा-कादंबरी हा मराठीत रोजगार नव्हता आणि आजही नाही. हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. दुसरी गोष्ट अशी की शब्दांना लागून असलेली कामे त्या काळीही होती आणि त्या कामांनी अनेक लेखकांना सांभाळले.

अशी कामे आजही आहेत. फक्त त्यांची नावे आपल्या प्रास्ताविकांत धड येत नाहीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मुळे राज्यकारभाराची भाषा मराठी झाली. भाषा संचालनालयातील व न्यायालयांतील अनुवादक, विधिमंडळाच्या कामकाजाचे प्रतिवेदक ही पदे स्पर्धेतून भरली जातात व त्यांत प्रत्यक्ष अनुवादाची परीक्षा असते. बालभारतीसारख्या संस्थेला पाठ्यपुस्तकांच्या संपादनासाठी भाषेची माणसे लागतात. दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांना संवादलेखक लागतात. हे काम थकविणारे आहे, पण त्यात पैसा आहे. परभाषी मालिका-चित्रपटांची उपशीर्षके व मराठी ध्वनिमुद्रणासाठीचे संवाद, बँका व विमा कंपन्यांची ग्राहकपत्रके, शेती व आरोग्य या विषयांवरील लोकोपयोगी पुस्तिका, ध्वनिपुस्तकांच्या संहिता, ही कामे बहुधा सुट्या कंत्राटावर मिळतात. पटकथेचे शिक्षण पुण्याच्या चित्रपट संस्थेत मिळते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर जुन्या ग्रंथांच्या संपादनाची व अनुवादाची अपेक्षाही वाढली आहे.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तेथे गुणपत्रक पाहत नाहीत, किंवा पाहिले तरी ते बाजूला ठेवून एक उतारा पुढे करतात आणि ‘हे नीट करून द्या’ म्हणतात. मोडलेले वाक्य कोठे मोडले आहे हे ओळखणे, इंग्रजीतील कर्मणी रचनेचे मराठीत काय करावयाचे हे ठरविणे, चारशे शब्दांचे दोनशे करणे, ही ती परीक्षा. आमच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत असा एकही उतारा हाताळलेला नसतो. ‘अनुवादाचे प्रकार’ मात्र त्याला तोंडपाठ असतात.

नोव्हेंबर २०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेल्या संगणकीय भाषासाधनांनी या परिस्थितीत एक नवे वळण आणले आहे. साधे वृत्त, सरधोपट जाहिरात, ढोबळ अनुवाद यांचा पहिला खर्डा यंत्र क्षणात देते. ज्या प्राथमिक कामांवर नवखा माणूस हात बसवून घेई, तीच कामे आता कमी होत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्राने दिलेल्या मराठीत जो अनोळखी गुळगुळीतपणा असतो, जी क्रियापदे इंग्रजीच्या पाठीवर बसून आलेली असतात, ती ओळखून उतरविण्यासाठी माणूस लागतोच. म्हणजे काम उरले आहे ते दुरुस्तीचे, पुनर्लेखनाचे. आणि नेमके तेच आपण शिकवीत नाही. पाठांतरावर उभी असलेली आपली प्रश्नपत्रिका यंत्र कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा चांगली सोडवील, ही बाबही अभ्यासमंडळांनी विचारात घ्यावी.

वर्गात काय शक्य आहे

यावर नेहमीचे उत्तर असे की विद्यार्थी साठ, तासिका थोड्या, कागद तपासावयाचे कोणी? हा आक्षेप खरा आहे. आयोवाचा बारा जणांचा वर्ग तालुक्याच्या महाविद्यालयात होणार नाही. तथापि राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेने एक फट उघडून दिली आहे. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणासाठी व दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पासाठी स्वतंत्र श्रेयांक आहेत. कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास. मराठीच्या विद्यार्थ्याने हे तास कोठे घालवावेत, याचा विचार बहुतेक ठिकाणी घाईने झाला. माझ्या पाहण्यातील एका ठिकाणी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील पुस्तकांना क्रमांक चिकटविले आणि प्रमाणपत्र घेतले. त्याऐवजी जिल्ह्याच्या वृत्तपत्राची कचेरी, गावातील छापखाना, आकाशवाणीचे केंद्र, ग्रामपंचायतीचा जाहीर सूचनांचा फलक, पतपेढीची कर्जाची पत्रके अशी कितीतरी ठिकाणे जवळ आहेत. शेतकऱ्याला न कळणारे कर्जाचे एक पत्रक घेऊन ते कळेल असे लिहिणे, शेतकऱ्याला वाचून दाखविणे, तो जेथे अडला ते पुन्हा लिहिणे, यात अनुवाद आहे, संपादन आहे आणि सामाजिक उपयोगही आहे.

संशोधन प्रकल्पाचेही तसेच. विद्यार्थ्याला लेखनच करावयाचे असेल तर प्रबंधाऐवजी कथासंग्रह, दीर्घ वार्तांकन किंवा भाष्यासह अनुवाद सादर करण्याची मुभा अभ्यासमंडळाने द्यावी. आयोवाने १९२२ मध्ये जे केले ते आपण शंभर वर्षांनंतर तरी करण्यास हरकत नसावी. अशा सादरीकरणात अंतिम मजकुराबरोबर आधीचे खर्डे जोडणे बंधनकारक असावे. गुण द्यावयाचे ते पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यातील अंतराला. प्रतिभेचे मोजमाप करता येत नाही, म्हणून लेखन परीक्षेस बसविता येत नाही, असे जे म्हटले जाते त्याची अडचण येथे येत नाही. कारण मोजावयाचे आहे ते परिश्रम आणि वाचकाचे ऐकण्याची तयारी. तीन खर्डे असतील तर यंत्राकडून किंवा मार्गदर्शकातून उतरविलेला मजकूर ओळखणेही पुष्कळ सोपे जाते. पूर्ण ओळखता येईल असा दावा मी करणार नाही.

साठ विद्यार्थ्यांचे तीन खर्डे एका प्राध्यापकाने वाचणे अशक्य आहे. ते त्याने वाचू नयेत. पाच-सहा जणांचे गट करून पहिला खर्डा गटाने वाचावा, दुसरा शेजारच्या गटाने, आणि केवळ तिसरा प्राध्यापकाने वाचावा. दुसऱ्याच्या लेखनावर अर्धे पान लेखी टिपण देणे हेही गुणांकित काम धरावे. उद्या हाच विद्यार्थी प्रकाशनसंस्थेत बसला तर त्याला तेच करावयाचे आहे. गट पाडताना एकाच बोलीचे, एकाच गावाकडचे विद्यार्थी काही वेळा मुद्दाम एकत्र ठेवावेत आणि काही वेळा मुद्दाम वेगळे करावेत. पहिल्या वेळी लेखकाला खुलासे द्यावे लागत नाहीत. दुसऱ्या वेळी खुलासा कोठे हवा हे कळते. मेळाव्यातील श्रोता आणि टेबलामागचा संपादक, दोघेही त्याला भेटतात.

राहता राहिला बाह्य परीक्षकाचा प्रश्न. खर्ड्यांची तपासणी मध्यवर्ती केंद्रावर गठ्ठ्याने होऊ शकत नाही. एका संचाला किमान तासभर द्यावा लागेल आणि त्याचे मानधन सध्याच्या उत्तरपत्रिकेच्या दराने देता येणार नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागापुढे हा विषय नेल्यास पहिला आक्षेप येथूनच येईल. तेव्हा अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीसाठी जो ठराव तयार करावयाचा, त्यात शैक्षणिक उद्दिष्टांच्या परिच्छेदाआधी मानधनाचा आकडा लिहावा लागेल.